झाकणाच्या शेपटीतला टक

‘नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची आणि डोकं असं, की त्याला शोभेल असा प्राणी अजून सापडायचा आहे. असा अन्वेषक शतकातून एकदाच जन्माला येतो. या शतकात तो आमच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या घरात जन्माला आला.’

वरचा मजकूर माझा नाही, आमच्या ह्यांचा आहे. कुठलंही प्रकरण लिहून काढताना सुरुवातीला तो घालायचाच अशी मला सक्त ताकीद आहे, म्हणून घातला. आता माझी थोडी दुरुस्ती. घारीच्या नजरेला चष्मा आहे, तो दिवसातून चारदा हरवतो आणि त्यातल्या तीन वेळा कपाळावर सापडतो. हत्तीची स्मरणशक्ती बाजारात जाताना पिशवी विसरते आणि पिशवी आठवली तर सामान विसरते. सशाच्या कानांबद्दल आत्ताच काही बोलत नाही, कारण हे अख्खं प्रकरण त्या कानांचंच आहे. आणि हे या घरात जन्मलेले वगैरे नाहीत. इथे आम्ही अकरा वर्षांपूर्वी राहायला आलो.

हे पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं मीटर तपासनीस होते. दारोदार जायचं, मीटरपुढे वाकायचं, आकडा बघायचा, डायरीत वेळ आणि आकडा टिपायचा की चालले पुढच्या घरी. या एकतीस वर्षांत त्यांनी एकदा, एकदाच, मीटर हळू फिरावा म्हणून त्याला चिकटवलेलं लोहचुंबक पकडलं. तेव्हापासून गुन्हेशोधन त्यांच्या डोक्यात जे शिरलं ते आजतागायत बाहेर आलेलं नाही. निवृत्त झाल्यावर दारावर ‘खासगी अन्वेषक’ अशी पाटी लागली. आत्तापर्यंत तीन प्रकरणं हाताळली. त्यातली छत्री घरातच होती, मांजर परत आलं आणि तिसऱ्या प्रकरणात आम्ही चुकीच्या घरात गेलो होतो.

मी त्यांची सहायक. हे पद मला कुणी विचारून दिलेलं नाही.

तर आमच्याकडे ह्यांची भाची राहायला आली. भाची म्हणजे ह्यांच्या बहिणीची मुलगी. वय बावीस, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या भावोजींचं, फरशांचं दुकान आहे. पोरीने आता गल्ल्यावर बसावं आणि लोकांना बाथरूमच्या फरशीचे रंग दाखवावेत, असं त्यांचं म्हणणं. पोरीचं म्हणणं वेगळं होतं. ती घरातल्या वस्तूंची वाद्यं करायची.

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, “म्हणजे करतेस तरी काय?”

“मामी, ते झाकण द्या बघू.” तिने पातेल्यावरचं झाकण उचललं, चमच्याने एकदा वाजवलं, मायक्रोफोनने तो आवाज टिपला आणि कॉम्प्युटरमध्ये घातला. मग पुढ्यात एक छोटा कीबोर्ड ओढला. “आता हा आवाज मी सगळ्या पट्ट्यांवर पसरला. खालच्या पट्टीवर जाड होतो, वरच्या पट्टीवर बारीक. याला सॅम्पल म्हणतात.”

आणि तिने वाजवलं. माझं ते पोचा पडलेलं झाकण असं काही गायला लागलं की माझा हात कणकेतच राहिला. गेली कित्येक वर्षं मी ते आपटत होते, पण त्याला गळा आहे हे मला कधी कळलं नव्हतं.

तिला पहिलंच मोठं काम मिळालं होतं. मुलांच्या नाटकांना संगीत देणारा एक स्टुडिओ होता. त्यांना एका घरातल्या वीस वस्तूंचा वाद्यसंच हवा होता. प्रत्येक वस्तू हळू, मध्यम आणि जोरात अशी तीनदा वाजवायची, आणि आवाज स्वच्छ पाहिजे. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचं. पसंत पडलं तर त्यांच्याकडे कायमचं काम. भावोजींनी फोनवर निक्षून सांगितलं होतं, “हे काम झालं तर राहा मामाकडे. नाही झालं तर रविवारी दुकानात ये. मग पुन्हा हा विषय नको.”

पोरगी हो म्हणाली, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ नखं खात बसली.

आमच्या घरात शांत जागा एकच, अडगळीची खोली. तिथे आम्ही भिंतींना गाद्या टेकवल्या, वर रजया टांगल्या. पंखा बंद केला. ट्यूबलाइट गुणगुणते म्हणून तीही बंद. एकच अडचण होती. त्या खोलीच्या दाराची कडी मोडलेली आहे, त्यामुळे आतून कुणीतरी पाठ लावून उभं राहिल्याशिवाय दार बंद राहत नाही.

“शांतता-रक्षणाची जबाबदारी माझी,” हे म्हणाले आणि डायरी बगलेत घेऊन दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या पाठीचा आकार त्या दाराला अगदी बेतून दिल्यासारखा आहे, हे मान्य करायला हवं.

त्यामुळे व्यवस्था अशी ठरली. अंधारात भाची मायक्रोफोन धरून, कानावर हेडफोन. मी वाजवणार. हे दाराला. मायक्रोफोनची तार दाराखालून बाहेर, हॉलमधल्या कॉम्प्युटरला जोडलेली. कॉम्प्युटरपुढे सासूबाई, विणकाम घेऊन. सासूबाईंना ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते त्या डबीत ठेवतात. “त्यात फार आवाज येतात,” असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर आवाजाच्या रेघा वरखाली व्हायच्या, त्या मात्र त्यांना फार आवडायच्या. स्वेटरचा नमुना उतरतोय असं वाटतं, म्हणायच्या.

भाची म्हणायची, “चालू.” आम्ही सगळे श्वास रोखायचो. मी झाकण वाजवायची. आवाज घुमत घुमत, विरत विरत पार संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. मग ती म्हणायची, “झालं.” सोमवारी आम्ही झाकण, किसणी, बादली, खलबत्ता आणि चहाची गाळणी उरकली.

दुपारी तिने हे सगळं कीबोर्डवर चढवलं आणि तिचा चेहरा पडला.

“मामी, हे ऐका.”

मी ऐकलं. झाकण छान घुमत होतं, पण मागून कुठूनतरी बारीकसा आवाज आला. टक. मग थोड्या वेळाने, झाकण विरत असताना, आणखी एक. टक.

“गाळणीतही आहे,” ती म्हणाली. “बादलीतही. सगळ्यांत.”

“मग तेवढा कापून टाक की.”

“पहिला कापता येतो, तो वाजवायच्या आधी आहे. दुसरा आवाजाच्या शेपटीत आहे. तो कापला तर शेपटीच तुटते.” तिने पाच पट्ट्या एकदम दाबल्या. पाच झाकणं घुमली आणि पाचांच्या पाच शेपट्या टक, टक, टक करत गेल्या. एवढ्या जणांनी एकदम नाराजी दाखवलेली मी फक्त सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकली आहे.

मागून ह्यांचा आवाज आला. “कुणीही कशाला हात लावू नका.”

हे उभे होते. चष्मा कपाळावर, डायरी उघडी. “हा अपघात नाही. कुणीतरी या घरात येऊन मुद्दाम टक करतंय. हे प्रकरण मी हातात घेतो.”

“मामा, तारेत काहीतरी बिघाड असेल.”

“बाळ, तारेत बिघाड असता तर आवाज दर वेळी वेगळा आला असता. हा आवाज शिस्तीचा आहे. आधी एक, नंतर एक. हे काम सवयीच्या माणसाचं आहे.”

एकतीस वर्षांत ह्यांनी काढलेलं हे पहिलं बरोबर अनुमान होतं. तेव्हा ते आम्हाला कळलं नाही, आणि त्यांना तर नाहीच.

मंगळवारची शंका पालीवर. माझ्या मनात शंकेची पाल अधूनमधून चुकचुकते, पण हे खऱ्या पालीच्या मागे लागले. बॅटरी घेऊन तीन तास फ्रिजमागे, कपाटामागे, माळ्यावर. शेवटी एक पाल सापडली. हे तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि तासभर तिच्याकडे बघत राहिले. पाल एकदाही चुकचुकली नाही. “निर्दोष आहे,” हे म्हणाले, “किंवा फार मुरलेली आहे.” त्या सकाळी वाजवलेल्या चार वस्तूंमध्येही टक होताच.

त्या दिवशी सासूबाईंनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, “हे दोन काटे कसले गं? मोठ्या डोंगराआधी एक आणि उतारावर एक. दर वेळी येतात.” त्यांना समजावून सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं आणि सगळ्यांचीच डोकी आधीच उठली होती. मी आपली मान हलवली. त्यांनीही हलवली आणि विणायला लागल्या.

बुधवारी संशय माझ्यावर आला. “अगं, तू वाजवायला वाकतेस,” हे म्हणाले. “वाकताना एक टक, उठताना एक टक. माझा अंदाज आहे, उजवा गुडघा.”

“अहो, काहीतरीच काय.”

“कायद्यापुढे नवरा-बायको नसतात.”

म्हणून मी, वय वर्षं छप्पन्न, मायक्रोफोनपुढे वीस उठाबशा काढल्या. अकराव्या उठाबशीला गुडघ्याने आवाज केला खरा, पण तो टक नव्हता. करर होता. हे थोडे हिरमुसले. मी दोन दिवस जिन्याचा कठडा धरून चढत होते, पण डायरीत फक्त ‘सहायक: तूर्त संशयमुक्त’ एवढंच लिहिलेलं मी पाहिलं. बुधवारच्या चारही वस्तूंत टक होता.

गुरुवारी चमत्कार झाला. कपबशी, छत्री, कंगवा, इस्त्री, सगळे आवाज धुतल्यासारखे स्वच्छ. भाचीने मला मिठी मारली. आम्ही म्हटलं सुटलो. शुक्रवारी उरलेल्या तीन वस्तू वाजवल्या आणि तिन्हींत टक हजर.

तेव्हा पोरगी मटकन खाली बसली. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “मामी, कदाचित माझे कानच तयार नसतील. चांगल्या माणसाला हे कुठून येतंय ते पहिल्याच दिवशी कळलं असतं. बाबा म्हणतात तेच खरं असेल.” तिचे डोळे भरून आले. मला तिची फार दया आली आणि ह्यांचा फार राग आला. कशाबद्दल, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

हे मात्र रंगात आले होते. “बाळ, तू रडू नकोस, खालची पट्टी वाजव.”

तिने नाक पुसून खालची पट्टी वाजवली. टक जाड होऊन आला, ठोक.

“वरची वाजव.”

वरच्या पट्टीवर तो टिक असा बारीक आला.

“बघ,” हे म्हणाले. “दोघं आहेत. एक जाडा, एक बारीक.”

“मामा, आवाज एकच आहे. खाली जाड होतो, वर बारीक होतो. सगळेच होतात.”

“तुला तसं वाटावं, हीच त्यांची युक्ती आहे.”

मग त्यांनी डायरी उघडून आम्हाला सगळं उलगडून सांगितलं. आमच्या वरच्या मजल्यावर शिंपीणबाई राहतात, अंगाने भरलेल्या. त्यांच्याकडे आठवडाभर नळाचं काम चालू होतं. प्लंबर काडीसारखा. गुरुवारी प्लंबरची सुट्टी असते आणि गुरुवारीच टक नव्हता. म्हणजे जाडा आणि बारीक यांची जोडी ठरली.

“त्यांना आपल्या झाकणाशी काय देणंघेणं?” मी विचारलं.

“त्याहून गंभीर गोष्ट ऐक.” त्यांनी आवाज खाली आणला. “मी प्रत्येक रेकॉर्डिंगची वेळ डायरीत टिपतो. अंधारातसुद्धा टिपतो, तळघरातल्या मीटरांनी तेवढं शिकवलंय. भाचीच्या कॉम्प्युटरवर टकच्या वेळा आहेत. मी दोन्ही ताडून पाहिलं. माझ्या डायरीत दहा वाजून चार मिनिटं असं असेल, तर टकही बरोबर दहा वाजून चार मिनिटांनी. माझी नोंद अकरा सतराची असेल, तर टकही अकरा सतराचा. एका मिनिटाचाही फरक नाही. याचा अर्थ कळतोय?”

“काय?”

“कुणीतरी माझी डायरी वाचतंय.”

मी कपाळाला हात लावला.

“आणि गुरुवारी आईने कोडं सोडवायला माझं पेन नेलं होतं. त्यामुळे त्या दिवशी डायरीत नोंदीच नाहीत. त्यांना वेळा कळल्या नाहीत, म्हणून त्यांना टक करता आला नाही. सगळं कसं जुळतंय बघ.”

जुळत होतं. खरंच जुळत होतं. इतकं जुळत होतं की आम्हा तिघांपैकी एकालाही पुढचं एक पाऊल सुचू नये, याची आज लाज वाटते.

शनिवारी अकरा वाजता त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. शिंपीणबाई गळ्यात टेप घालून आल्या. प्लंबर पाना हातात घेऊनच आला. त्याला वाटलं आमचाही नळ गळतोय. सासूबाई नेहमीच्या जागी, कॉम्प्युटरपुढे. भाची कीबोर्डजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सहा वाजायला सात तास होते आणि तिच्याकडे वीसपैकी चार वस्तू धड होत्या. ह्यांनी मायक्रोफोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

“हा कशाला?” मी विचारलं.

“कबुलीजबाब टिपायला. माझ्यासमोर बसलेला गुन्हेगार शेवटी आपल्या तोंडाने कबूल करतोच.”

आणि ह्यांनी भाषण सुरू केलं. लोहचुंबकापासून. शिंपीणबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. प्लंबरने एकदा विचारलं, “साहेब, नळ कुठला?” ह्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पाना पाठीमागे लपवला. ते पाहून हे अधिकच खूश झाले.

“आता,” हे म्हणाले, “मी गुन्हेगाराचं नाव या कागदावर लिहितो.” त्यांनी खिशातून पेन काढलं.

सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. भाषण त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यांची सकाळ आमच्यापेक्षा बरी चालली होती. त्या सहज म्हणाल्या, “आला बघ तुमचा काटा.”

भाचीने मान वर केली. “कुठला काटा, आजी?”

“तो रोजचा. डोंगराआधीचा.”

भाची पडद्याशी गेली. तिने हेडफोन कानाला लावले आणि मागे जाऊन ऐकलं. “मामा,” ती हळूच म्हणाली, “टक आला. आत्ता. या खोलीत.”

ह्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे गुन्हेगार या क्षणी या खोलीत आहे. कुणी हलू नका. मी वेळ टिपतो.” त्यांनी कागद बाजूला सारून डायरीत वेळ लिहिली आणि पेन मिटून खिशात ठेवलं.

“हा दुसरा,” सासूबाई म्हणाल्या. “उतारावरचा.”

“पुन्हा?” ह्यांनी पेन पुन्हा बाहेर काढलं.

“आला.”

“हद्द झाली. माझ्या नाकासमोर?”

“गेला तो. आता दुसरा यायचाय,” सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी रागारागाने वेळ लिहिली, पेन मिटलं, आणि सासूबाई म्हणाल्या, “हा आला.”

प्लंबरचं लक्ष ह्यांच्या अंगठ्याकडे गेलं. मग शिंपीणबाईंचं गेलं. मग माझं. ह्यांचं काही जाईना.

सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं त्यांनी ह्यांच्या हातून ते पेन काढून घेतलं. मायक्रोफोनजवळ नेलं, वरचं बटण अंगठ्याने दाबलं आणि पडद्यावर काटा आला. पुन्हा दाबलं आणि दुसरा काटा आला. त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं.

“हे तुम्हाला ऐकू येत नाही?” त्या म्हणाल्या. “आणि यंत्र मला घालायला सांगता.”

ते पेन ह्यांना खात्याने निरोपाच्या दिवशी दिलं होतं. त्याआधी तसंच दुसरं होतं, त्याआधी तिसरं. ‘चालू’ म्हटलं की हे बटण दाबून पेन उघडायचे, वेळ टिपायचे, आणि झाकण विरत असताना पेन मिटायचे. एकतीस वर्षं प्रत्येक मीटरपुढे त्यांनी हेच केलं होतं. अंगठ्याला ते माहीत होतं, डोक्याला माहीत नव्हतं. आणि मला का ऐकू आलं नाही म्हणाल, तर मी तो आवाज लग्नापासून ऐकतेय. माझ्या घरात शांतता म्हणजे तो आवाज धरूनच शांतता.

हे खुर्चीत बसले. कागदावर नाव लिहायचं राहिलं होतं. बराच वेळ ते त्या कोऱ्या कागदाकडे बघत होते, आणि मग भाचीकडे न बघता म्हणाले, “बाळ, मी तुझं काम बुडवलं.”

भाची मात्र हसत होती. डोळे पुसत होती आणि हसत होती. “मामा, माझे कान बरोबर होते,” ती म्हणाली. “टक खरंच होता. मी म्हणत होते ना, टक आहे.” मग ती ताडकन उठली. “सोळा वस्तू. बारा वाजायला आलेत. मामी, झाकण कुठाय?”

पुढच्या सहा तासांसारखे तास आमच्या घराने पाहिले नव्हते. प्लंबरने इमारतीचं पाणी बंद केलं, कारण नळीत हवा गुरगुरते. शिंपीणबाईंनी माझ्या हातातून चमचा घेतला. “हळू, मध्यम, जोरात मला सांगू नका,” त्या म्हणाल्या, “तीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारतेय.” आणि खरंच, त्यांच्या हाताखाली बादलीसुद्धा नमतं घेऊन वाजली.

प्लंबरने मोडकी कडी पाहिली. “ही दोन मिनिटांत लावून देतो,” तो म्हणाला. “मग साहेबांना उभं राहायला नको.”

डायरी छातीशी धरून हे बाजूला सरकले. भाचीने त्यांच्याकडे पाहिलं.

“नको काका,” ती प्लंबरला म्हणाली, “असू दे. त्या दाराला मामांचीच पाठ लागते.”

हे सरळ होऊन दाराला टेकले. पण पेन नसलं तरी त्यांच्या हातांचा भरवसा नव्हता. बाहीचं बटण आहे, घड्याळाची किल्ली आहे, काहीही वाजू शकतं. म्हणून मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि अंधारात त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात धरून ठेवले. भाची म्हणायची, “चालू,” आणि त्यांचा उजवा अंगठा माझ्या तळहातात दाबला जायचा. आवाज विरायला लागला की पुन्हा दाबला जायचा. प्रत्येक वेळी. अठ्ठेचाळीस रेकॉर्डिंगं झाली आणि एकदाही चुकला नाही. लग्नातसुद्धा आम्ही इतका वेळ हात धरला नव्हता. मला हसू आवरत नव्हतं आणि श्वासही रोखायचा होता, तेव्हा माझे काय हाल झाले ते मलाच माहीत.

साडेपाचला शेवटची किसणी झाली. सगळं स्वच्छ होतं. पाठवायच्या आधी भाची म्हणाली, “एक राहिलंय. आजी, ते पेन द्या.”

सासूबाईंनी पेन दिलं. भाचीने ते ह्यांच्या हातात ठेवलं, मायक्रोफोन जवळ धरला आणि म्हणाली, “मामा, आता करा. मुद्दाम करा.”

हे गोंधळले. आयुष्यात पहिल्यांदा विचार करून पेन दाबायचं होतं, आणि ते काही जमेना. अंगठा अडखळला. दोनदा पेन हातातून पडलं. शेवटी मी म्हटलं, “अहो, समोर मीटर आहे असं समजा.” तेव्हा झालं. टक, आणि टक. भाचीने एकविसावी वस्तू म्हणून नाव घातलं, ‘दोन काटे’, आणि सहाला दहा मिनिटं कमी असताना सगळं पाठवून दिलं.

पावणेसातला स्टुडिओतल्या बाईंचा फोन आला. पोरगी हो, हो, हो एवढंच म्हणत होती. फोन ठेवला आणि तिने पहिल्यांदा सासूबाईंना मिठी मारली. सोमवारपासून कामाला बोलावलं होतं. झाकण आवडलं होतं, बादलीही आवडली होती. ‘दोन काटे’ तर त्यांनी लगेच एका नाटकात घोड्याच्या टापांना लावलेसुद्धा.

मग तिने वडिलांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. आधी त्यांना एक तुकडा वाजवून दाखवला. झाकण गात होतं, खलबत्ता ताल धरत होता आणि मधूनमधून, अगदी जागेवर, टक-टक.

भावोजी घसा साफ करून म्हणाले, “बरं. राहा मामाकडे. दुकानाचं मी बघतो.” आणि मग, जरा थांबून, “ते मधे टक-टक काय वाजतंय? ते चांगलं आहे. कुणी केलं ते?”

आम्ही सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे उठले, शर्ट नीट केला, फोनजवळ गेले आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“मी,” हे म्हणाले. “ते मीच केलं.”

कबुलीची वेळ टिपायला त्यांनी खिशात हात घातला. पेन भाचीजवळ होतं. मी त्यांना माझी पेन्सिल दिली.